उपयोग सरल्यावरचा धर्म

परड्यातील कोंबडीने अंडी देणे थांबविले, म्हणजे तिच्याविषयीचे आपले कर्तव्यही थांबते काय? प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे. देवस्थानाच्या पत्रिकेत त्यास जागा द्यावी काय, अशी शंका एखाद्या वडीलधाऱ्या वाचकाच्या मनात येणेही स्वाभाविक आहे. परंतु धर्माची कसोटी मोठ्या प्रसंगी जितकी लागते तितकीच, किंबहुना अधिक, ती लहान प्रसंगी लागते. मोठ्या प्रसंगी चार लोक पाहत असतात. परड्यातील खुराड्यापाशी कोणी पाहत नसते. प्रस्तुत लेखकाच्या हातून तेथे एक दोष घडला आहे. तो झाकून ठेवून या विषयावर लिहिणे म्हणजे दुसऱ्यास उपदेश करून आपण मोकळे होणे. यास्तव आरंभी तो दोषच सांगतो.

आमचे घर पुजाऱ्याचे. घरात अंडे शिजत नाही, आणि कोंबडी पाळण्याची चालही कधी नव्हती. आमच्या भिंतीला भिंत लागून एक वृद्ध आजी राहत असत. त्यांच्या परड्यात चार कोंबड्या होत्या. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाने त्यांना पुण्यास नेण्याचे ठरविले. तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात कोंबड्या कोठे ठेवणार? निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आजी डालग्यासह आमच्या मागील दारी उभ्या राहिल्या आणि आईला म्हणाल्या, “एवढी माझी ठेव सांभाळ बाई. अंडी कुणालाही दे, पण ह्यांना विकू नको.” आईने अप्पांकडे पाहिले. अप्पा नुकतेच सायंपूजेहून आले होते. “दारात आलेला जीव परत कसा पाठवायचा?” एवढेच ते म्हणाले आणि पाय धुण्यास गेले. अशा रीतीने तांबडी, ढवळी, कवडी आणि काळी ही चार नावे आमच्या घरात आली.

पहिल्या दोघी सुधारित जातीच्या, दुसऱ्या दोघी गावठी. अंडी आई आळीतील एका बाळंतिणीच्या घरी आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुलांच्या घरी देत असे. दाणे टाकण्याचे व खुराडे झाडण्याचे काम माझ्याकडे आले. वर्षभर सर्व सुरळीत चालले. पुढे ढवळीची अंडी कमी होत होत बंद झाली. तिच्या उजव्या पायाच्या तळव्यास सूज आली, सुजेवर काळी खपली धरली, आणि ती लंगडू लागली. मी ते पाहिले होते. आज औषध लावू, उद्या लावू असे म्हणत महिना लोटला. त्या दिवसांत मी नोकरीच्या परीक्षेची तयारी करीत होतो, आणि खरे सांगायचे तर मला त्या कामाचा कंटाळा आला होता. थकलेल्या कोंबड्या विकत घेणारा एक फिरता व्यापारी आठवड्यातून एकदा आमच्या रस्त्याने जाई. आई बाजारात गेली असता मी ढवळी त्याला दीडशे रुपयांस दिली. आई परत आल्यावर सांगितले की, ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या मळ्यात तिला मोकळी सोडली आहे. त्या दीडशे रुपयांचे मी काय केले, हे आज मला आठवतही नाही.

आजी दर एकादशीस दूरध्वनी करीत. प्रकृतीची विचारपूस झाली की चौघींची नावे घेऊन विचारीत. आई सांगे, “ढवळी मळ्यात आहे, मजेत आहे.” आईच्या तोंडून निघणारे ते असत्य माझे होते. तिने ते सत्य समजूनच उच्चारले होते, आणि म्हणूनच ते मला अधिक टोचत असे.

आता प्रश्नाकडे वळू. पहिली गोष्ट ‘ठेव’ या शब्दाची. आपल्या समाजात ठेवीविषयी एक स्पष्ट नीती आहे. कोणी आपल्याजवळ दागिना ठेवला तर तो आपण वापरीत नाही, मोडीत नाही. मागेल तेव्हा जसाच्या तसा परत करतो. दागिन्याची झळाळी कमी झाली म्हणून तो सोनाराकडे मोडावयास न्यावा, असे कोणाच्याही मनात येत नाही. मग सजीव ठेवीचे मूल्य मात्र तिच्या उपयोगावरून आपण का ठरवावे? आणि येथे एक पाऊल पुढे जाऊन विचार केला, तर परड्यात बांधलेला, कोंडलेला, पंख कातरलेला प्रत्येक जीव ही एक ठेवच नव्हे काय? त्याने स्वतःचे अन्न स्वतः मिळविण्याची, स्वतःचा आसरा स्वतः शोधण्याची वाट आपण बंद केलेली असते. ज्याचे स्वातंत्र्य आपण घेतले, त्याचा भारही आपणच घेतला. तो भार सोयीचा असेतोवर वाहायचा आणि गैरसोयीचा झाला की रस्त्यावर टाकायचा, हा व्यवहार एकतर्फी आहे.

दुसरी गोष्ट ऋणाची. आपण देवऋण, ऋषिऋण, पितृऋण मानतो. गृहस्थाने नित्य करावयाच्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञाचाही समावेश आहे. पशुपक्षी, कृमिकीटक यांच्यासाठी अन्नाचा भाग बाजूस काढून ठेवावा, असा त्याचा अर्थ. हा भाग उपकार म्हणून काढावयाचा नसून तो त्यांचा वाटा म्हणून काढावयाचा असतो. कोंबडीच्या बाबतीत हे ऋण किती मोठे आहे, हे तिच्या शरीराचा इतिहास पाहिल्यावाचून कळत नाही. पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज म्हणजे भारत व आग्नेय आशियाच्या जंगलांतील तांबडा रानकोंबडा. तिच्या त्वचेस व पायांस पिवळा रंग देणारा गुण मात्र आपल्या सह्याद्रीत वावरणाऱ्या करड्या रानकोंबड्याकडून आला, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. म्हणजे ही जात परकी नव्हे. आपल्याच रानातून आपल्या अंगणात आलेली आहे.

रानातील कोंबडी वर्षाकाठी एखाददुसऱ्या वेळी दहा-पंधरा अंडी घालते आणि ती उबविते. तिचे शरीर तेवढ्याचसाठी घडले आहे. मनुष्याने पिढ्यानुपिढ्या निवड करीत करीत अशा जाती निर्माण केल्या की, त्यांतील एक कोंबडी ऐन उमेदीच्या वर्षात तीनशेच्या आसपास अंडी देते. प्रत्येक अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम चुन्याचा अंश असतो. आहारातून तो पुरेसा मिळाला नाही तर कोंबडी तो स्वतःच्या हाडांतून काढून देते. दोन-तीन वर्षांनी हा ओघ आटतो. परंतु आयुष्य तेथे संपत नाही. नीट सांभाळल्यास कोंबडी पाच ते आठ वर्षे, क्वचित दहा वर्षेही जगते. या उत्तरायुष्यात तिला जे विकार जडतात, त्यांतील पुष्कळसे त्याच अतिरिक्त श्रमाचे फळ असते. अंडे आत अडकणे, अंड्याचा बलक नळीत न जाता पोटात पडून तेथे दाह होणे, पोटात पाणी साठणे, अंडाशयात गाठी होणे, असे हे विकार आहेत. अंडाशयाचा कर्करोग कोंबडीस आपोआप होतो. म्हणून स्त्रियांच्या त्याच रोगाचा अभ्यास करण्यासाठी संशोधक कोंबडीचा उपयोग करतात. म्हणजे आजारी पडल्यावरही ती आपल्या उपयोगी पडतच असते. ज्या मागणीमुळे तिचे शरीर झिजले ती मागणी आपली होती. मग तिच्या म्हातारपणीच्या शुश्रूषेस ‘भूतदया’ हे मोठे नाव देणे मला संकोचाचे वाटते. दया ही देणाऱ्याच्या मर्जीवर असते. ऋण फेडणे मर्जीवर नसते.

आमच्या घरात कोंबडीविषयी जी उदासीनता होती, तिचे एक कारण परंपरेत आहे. स्मृतिकारांनी गावकोंबड्याचे मांस द्विजांस वर्ज्य ठरविले. जे खावयाचे नाही ते दारीही नको, आणि जे दारी नाही त्याच्याविषयी कर्तव्यही नाही, अशी समजूत त्यातून हळूहळू रुजली असावी. पण याच परंपरेत कार्तिकस्वामींच्या ध्वजावर कोंबडा आहे आणि गुजरातेतील बहुचराजी मातेचे वाहनही कोंबडाच आहे. देवतेने ज्याला जवळ केले, त्याच्या आजारपणाकडे भक्ताने पाठ फिरवावी, हे सुसंगत दिसत नाही.

ढवळी गेल्यावर काही महिन्यांनी कवडीच्या तळव्यासही तशीच सूज दिसली, तेव्हा मात्र मी तिला घेऊन सरकारी जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तेथे जे शिकलो आणि पुढे अनुभवाने जे समजले, ते येथे थोडक्यात देतो. कारण सद्भावना असूनही ज्ञानाच्या अभावी हानी होऊ शकते.

पक्ष्याची प्रकृती अशी असते की तो आपले दुखणे लपवितो. रानात दुबळा दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या दृष्टीस आधी पडतो, म्हणून ही सवय त्याच्या रक्तात आहे. कोंबडी पिसे फुगवून, शेपूट खाली पाडून, डोळे मिटून एका कोपऱ्यात उभी राहिली, तर तिचे दुखणे त्याच दिवशी सुरू झाले असे समजू नये. ते पुष्कळ दिवसांचे असते. यास्तव दररोज सकाळी खुराडे उघडताना एकेकीस हातात घ्यावे. छातीजवळील अन्नाची पिशवी रात्रीतून रिकामी झाली आहे काय, तुरा फिका किंवा निळसर तर नाही, पोट ताठ झाले आहे काय, विष्ठा कशी आहे, तळवे स्वच्छ आहेत काय, हे पाहावे. या पाहणीस चार मिनिटे पुरतात. मी ती चार मिनिटे ढवळीस दिली असती, तर तिचा फोड सुरुवातीलाच बरा झाला असता.

तळव्यावरील सूज बहुधा उंचावरून कठीण जमिनीवर उडी घेतल्याने, ओल्या घाणीत उभे राहिल्याने वा काटा लागल्याने होते. जखमेतून जंतू आत शिरतात. म्हाताऱ्या कोंबडीसाठी बसण्याची काठी हातभर उंचीच्या वर नसावी, तिच्या कडा गुळगुळीत असाव्यात आणि खाली कोरडा पेंढा असावा. पायावरील खवले उचलल्यासारखे, खरबरीत दिसले तर खवल्यांखाली सूक्ष्म किडे असतात. कोमट पाण्याने पाय धुऊन, पुसून, काही आठवडे तेल चोपडल्याने ते गुदमरून मरतात. राखमिश्रित कोरड्या मातीचा खड्डा परड्यात असावा. त्यात लोळून कोंबडी आपल्या अंगावरील उवा कमी करते. वर्षातून एकदा पिसे झडतात तेव्हा ती आजारी नसते. परंतु नवी पिसे येण्यास आठ ते बारा आठवडे लागतात, आणि त्या काळात तिला अधिक सकस अन्न लागते. बुरशी आलेले धान्य वा पेंड जनावराला चालते, ही समजूत घातक आहे. त्या बुरशीचे विष यकृतावर चढते. अंडी देत नसलेल्या कोंबडीस चुनखडीचा जास्त खुराकही नको. तो मूत्रपिंडास बाधतो.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात. आजारी कोंबडीच्या चोचीत बळेच पाणी ओतू नये. तिच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते. पाणी तेथे गेले तर ती गुदमरते. चोचीच्या कडेला थेंब लावावा, ती स्वतः गिळते. दुसरे, माणसांच्या औषधांच्या गोळ्या अंदाजाने देऊ नयेत. मानमोडी, म्हणजेच राणीखेत रोग, आणि देवी यांसाठी लसी आहेत, त्या वेळेवर टोचून घ्याव्यात. एकाएकी अनेक पक्षी मेले तर ते उकिरड्यावर न टाकता पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांस कळवावे. २००६ साली नवापूर येथे पक्ष्यांच्या इन्फ्लुएन्झाची साथ आली, तेव्हा एका परड्यातील दुखणे सबंध तालुक्याचे कसे होते, हे आपण पाहिले आहे. कोंबडीस हात लावल्यावर साबणाने हात धुतल्याखेरीज देवघरात वा स्वयंपाकघरात जाऊ नये, हे आमच्या घरी सांगावे लागले नाही. पण सर्वांस सांगणे अवश्य आहे.

आता या विचारावर जे आक्षेप घेतले जातात, त्यांचा परामर्श घेतला पाहिजे. पहिला आक्षेप असा की, कोंबडीच्या किमतीपेक्षा औषधाचा खर्च अधिक होतो. गोरगरिबांस अन्न नसताना हा खर्च शोभतो काय? आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर शब्दांनी देणे सोपे, कृतीने कठीण आहे. ज्याच्या घरी मुलांच्या दुधाची भ्रांत आहे, त्याने कोंबडीच्या शस्त्रक्रियेवर कर्ज काढावे असे कोणी म्हणणार नाही. तथापि कोरडा पेंढा, सावलीत ठेवलेले स्वच्छ पाणी, भिजवलेली ज्वारी, तेलाचे बोट आणि चार मिनिटांची पाहणी यांस फारसे पैसे पडत नाहीत. माझ्यापुरते बोलायचे, तर ढवळीस विकताना गरिबांचा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता. तो विचार मला नंतर, स्वतःचे समर्थन करताना सुचला. आक्षेप घेणाऱ्याने तो कोणत्या वेळी सुचला, हे स्वतःस विचारून पाहावे.

दुसरा आक्षेप असा की, आपल्या सभासद कुटुंबांतही पुष्कळ घरी मांसाहार आहे. जो रविवारी कोंबडी खातो त्याने परड्यातील म्हाताऱ्या कोंबडीसाठी हळहळावे, हे ढोंग नव्हे काय? मला तसे वाटत नाही. मांसाहार करावा की न करावा हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचा निवाडा करण्याचा माझा अधिकार नाही. परंतु विसंगती दूर करण्याचे दोन मार्ग असतात. जेथे दया आहे तेथील ती काढून टाकणे हा एक, आणि जेथे नाही तेथे ती थोडी वाढविणे हा दुसरा. पहिला मार्ग तर्कशुद्ध दिसला तरी तो मनुष्याला खाली नेतो. आपल्या देशाच्या कायद्यानेही हा भेद ओळखला आहे. श्रीमती रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत ज्या विषयाचा पाठपुरावा केला, त्यातून १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम झाला. त्यात अन्नासाठी प्राणी मारण्याची मुभा आहे. पण ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याची काळजी घेतली पाहिजे, आणि उपासमारीने हाल होतील अशा रीतीने त्यास वाऱ्यावर सोडणे हा अपराध आहे, असेही त्यात म्हटले आहे. पुढे १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने सजीव प्राण्यांविषयी करुणा बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून नमूद झाले. कायदा किमान मर्यादा सांगतो. त्यापुढची वाट ज्याची त्याने चालायची असते.

तिसरा आक्षेप शास्त्राचा आहे आणि तो मला सर्वांत विचारार्ह वाटतो. भागवतातील भरत राजाने अनाथ हरिणपाडसास वाढविले, त्याच्यात त्याचे मन गुंतले, आणि अंतकाळी त्याचेच चिंतन घडल्यामुळे त्यास हरिणाचा जन्म घ्यावा लागला. मग मुक्या प्राण्यात जीव गुंतविणे श्रेयस्कर कसे? मी हा प्रश्न अप्पांस विचारला. ते म्हणाले, “पाडसाला पाण्यातून काढले ही भरताची चूक नव्हे. त्याच्यापायी बाकीचे सगळे विसरला, ही चूक.” मला हे उत्तर पटले. नाथमहाराजांनी तहानेने तळमळणाऱ्या गाढवास कावडीतील गंगोदक पाजले, पण ते गाढव घेऊन बसले नाहीत. धर्मराजाने स्वर्गाच्या दारीही सोबतीस आलेल्या कुत्र्यास टाकण्यास नकार दिला, तो कुत्र्याच्या मोहाने नव्हे. आश्रितास टाकणे हे त्यास पातक वाटत होते म्हणून. कर्तव्य आणि आसक्ती यांत हा भेद आहे. आई अंथरुणास खिळली असता मुलगा कोंबडीशी खेळत बसला तर तो भरत झाला. आईचे करून उरलेल्या वेळात त्याने खुराड्याकडे पाहिले तर ते गृहस्थाचे काम झाले.

यानंतर जो प्रसंग सांगावयाचा आहे, तो लिहिताना हात अडखळतो. गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर तांबडीचे पोट फुगू लागले. ती पाय फाकून चालू लागली. पशुवैद्यांनी तपासून सांगितले की, बलक पोटात पडून दाह झाला आहे आणि पाणी साठले आहे. त्यांनी सुईने ते काढले. तीन आठवडे ती बरी होती; पुन्हा पाणी भरले. दुसऱ्या वेळी काढल्यावर आठच दिवस गेले. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, “आता हिला बरे करणे माझ्या हाती नाही. खाणे सुटले आणि श्वास लागला, तर घेऊन या. एका इंजेक्शनने शांत होईल.” मी घरी येऊन हे सांगितले तेव्हा अप्पा म्हणाले, “ते मारणेच झाले.” त्यांचे म्हणणे साधे होते, जीव देणे आपल्या हाती नाही, तर घेणेही नाही. पांजरपोळ चालविणाऱ्या पुष्कळ श्रद्धावंतांचीही हीच निष्ठा आहे आणि तिचा मी आदर करतो.

मला तेव्हा एका जुन्या वादाची आठवण झाली. १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत होते. कोणताही उपाय चालेना, तेव्हा गांधीजींनी सहकाऱ्यांशी विचारविनिमय करून डॉक्टरांकडून इंजेक्शन देववून त्याची वेदना संपविली आणि ती गोष्ट स्वतःच्या पत्रातून जाहीर केली. देशभर मोठी खळबळ उडाली. संतापाची पत्रे आली. त्यांच्या प्रतिपादनाचा आशय असा होता की, कृती बाहेरून एकच दिसली तरी ती कोणासाठी केली यावरून ती हिंसा की अहिंसा हे ठरते. स्वतःच्या सोयीसाठी घेतलेला जीव ही हिंसा. दुसरा कोणताही उपाय उरला नसता केवळ त्या जीवाच्याच क्लेशमुक्तीसाठी केलेली कृती तशी नव्हे. हा विचार सर्वांस तेव्हा पटला नाही आणि आजही पटत नाही. त्यात धोका उघड आहे. आपली सोय हीच त्या जीवाची सुटका आहे, असे स्वतःस पटविणे मनुष्यास फार सोपे जाते. मी त्या मार्गावरून एकदा गेलेलो होतो.

दोन रात्री तांबडीचा श्वास घरघरत होता. खुराडे अप्पांच्या खोलीच्या खिडकीखाली आहे. तिसऱ्या दिवशी पहाटे पूजेला जाण्यापूर्वी ते माझ्यापाशी आले आणि म्हणाले, “मला अजून ते बरोबर वाटत नाही. पण तिचे हे ऐकत राहणेही बरोबर वाटत नाही. तुला पेलत असेल तर ने. एकटी सोडू नको.” मी तिला जुन्या धोतराच्या पानात गुंडाळून नेले. डॉक्टरांनी काम केले तेव्हा ती माझ्या मांडीवर होती. माझा हात तिच्या पाठीवर होता. घरी आलो तेव्हा आईने एवढेच विचारले, “घाबरली का रे?” मी सांगितले, “नाही.” परड्यात पेरूच्या झाडाजवळ खोल खड्डा करून आम्ही तिला पुरले.

मी बरोबर केले की चूक, याचा निर्णय मी वाचकांवर सोडतो. अप्पांचा निर्णय अजून झालेला नाही. परंतु एक गोष्ट त्या दिवशी मला कळली. ढवळीचाही अंत झाला आणि तांबडीचाही झाला. दोन्हींस कारण मीच होतो. ढवळीच्या वेळी मी पैसे मोजून घेतले आणि ती कोणत्या गाडीत, कोणत्या पिंजऱ्यात, किती वेळ, कशी राहिली हे पाहावे लागू नये म्हणून घरात शिरलो. तांबडीच्या वेळी मला पाहावे लागले. मनुष्यास आपल्या कृतीकडे पाहवत नसेल, तर ती कृती कोणासाठी चालली आहे हे त्याने तपासावे. मला हेच एक माप सापडले आहे. याहून सूक्ष्म माप जाणत्यांजवळ असेल.

त्याच रात्री मी आईस ढवळीची खरी हकिगत सांगितली. ती पुष्कळ वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आता एकादशीला आजींना मी काय सांगू?” तो भार तिच्यावर टाकणे मला शक्य नव्हते. मीच पुण्यास दूरध्वनी लावला आणि तांबडीचे व ढवळीचे सर्व सांगितले. पलीकडून काही क्षण आवाज आला नाही. मी क्षमा मागितली. आजींनी क्षमा केली असे म्हटले नाही, केली नाही असेही म्हटले नाही. त्या म्हणाल्या, “कवडीला आणि काळीला ज्वारी भिजवून घालतोस ना? कोरडी आता त्यांना सोसणार नाही.”

ती आज्ञा मी पाळीत आहे. कवडीचा पाय बरा आहे, पण ती जरा अडखळत चालते. काळीस एका डोळ्याने दिसत नाही. तिचे भांडे मी नेहमी तिच्या डाव्या अंगास ठेवतो. दोघीही आता अंडी देत नाहीत. ज्या वाचकांच्या परड्यात असा एखादा थकलेला जीव असेल, मग ती कोंबडी असो, भाकड गाय असो वा दात पडलेले कुत्रे असो, त्यांनी आज सायंकाळी दिवा लावण्यापूर्वी एकदा त्याच्यापाशी जाऊन त्याचे पाय, त्याचे पाणी आणि त्याची निजण्याची जागा पाहावी, एवढी नम्र विनंती आहे. प्रस्तुत लेखकास अधिक सांगण्याचा अधिकार नाही. इत्यलम्.